पाच वाजताचं वाक्य

सोमवारी सकाळी मावशींनी लाँड्रीचं दार उघडलं आणि दिवा लावायच्या आधीच त्यांच्या नाकाने ओळखलं की काहीतरी करपलंय. चादरींना इस्त्री करायच्या मोठ्या प्रेसची गादी मधोमध तपकिरी झाली होती. बोट लावलं तर कापडाचा भुगा बोटाला चिकटत होता. मावशी धावल्या त्या थेट भिंतीकडे, वाफेच्या व्हॉल्व्हकडे. बॉयलर सुट्टीतही चालू असे, आणि हा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर प्रेस तापतच राही. चाक गच्च बंद होतं. दोन्ही हातांनी पिळून पाहिलं, तसूभर हललं नाही. तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

व्हॉल्व्ह बंद आहे, म्हणजे शनिवारी निघताना आपण तो बंद केला होता. तरीही गादी करपली, म्हणजे रविवारी, सुट्टीच्या दिवशी, कोणीतरी आत येऊन प्रेस चालवला आणि जाताना साळसूदपणे चाक फिरवून गेलं. प्रेसजवळ एक बादलीही पडली होती, तिच्या तळाला पाणी होतं. स्वतःचे कपडे पाणी शिंपडून इस्त्री केले असणार, दुसरं काय! मावशींच्या मनात खटल्याचा निकाल उभ्या उभ्या लागला. आता फक्त आरोपीचं नाव शोधायचं राहिलं होतं.

मावशी म्हणजे या लाँड्रीच्या पाळीप्रमुख. वय बावन्न, त्यातली सव्वीस वर्षं इथेच गेली. एका मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे डगले इथे धुतले जात. तोंडावर सगळे त्यांना मावशी म्हणत आणि पाठीमागे शंकासुर. साबणाच्या पिंपावर त्या पेन्सिलीची खूण करून ठेवत. टेम्पोवाल्याने उतरवलेली गाठोडी पुन्हा मोजत, आणि बरोबर भरली तर जास्तच अस्वस्थ होत. घरी त्यांचा नवरा, जो आयुष्यभर लोकांच्या हजामती करून आता घरी बसला होता, त्यांना म्हणायचा, "अगं, संशय घ्यायला तुला कोणी जास्तीची पाळी लावलीय का?" पण खरं सांगायचं तर अशी एक बाई प्रत्येक कामाच्या जागी लागतेच. ती नसती तर हॉस्पिटलचे निम्मे टॉवेल गावभर अंग पुसत फिरले असते.

दहा वाजता साहेबांनी बोलावलं. साहेब नवीन, कारण कंपनीही नवीन. वर्षापूर्वी या कंपनीने लाँड्री घेतली आणि पहिलं काय केलं, तर सगळी रजिस्टरं इंग्रजीत केली. संध्याकाळी बंद करताना पाळीप्रमुखाने स्वतःच्या हाताने पूर्ण वाक्य लिहायचं: कोणती वस्तू, किती वाजता, कोणत्या दिवशी बंद केली. साहेबांनी ते बंदीचं रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं होतं.

"द स्टीम व्हॉल्व्ह वॉज क्लोज्ड ॲट फाइव्ह ओ'क्लॉक ऑन सॅटर्डे," त्यांनी वाचलं. "शनिवारी पाच वाजता तुम्ही व्हॉल्व्ह बंद केलात. खाली तुमची सही आहे. वाक्यही अगदी निर्दोष आहे, मावशी."

"हो साहेब."

"मग तुमच्यानंतर आत कोणी आलं? बाजूच्या दाराची किल्ली मीटरच्या पेटीमागे असते, हे मला आज कळतंय. बाकी सगळ्या जगाला ते ठाऊक होतं." मावशींनी मान खाली घातली. "हेड ऑफिसला मला एक नाव द्यायचंय. ज्याने कोणी हे केलं तो माणूस कामावर राहणार नाही. मला ते नाव बाय फ्रायडे पाहिजे. नाही मिळालं तर मी पाळीप्रमुखाचं देईन."

बाय फ्रायडे. म्हणजे शुक्रवारच्या आत, शुक्रवार हा शेवट, त्यापुढे एक मिनिटही नाही. हे मावशींना आता कळत होतं, कारण गेले सहा महिने सोमवारी आणि बुधवारी, काम सुटल्यावर, कँटीनमध्ये मास्तरांचा वर्ग भरत असे.

मास्तर हे शाळेतून निवृत्त झालेले, सायकलवरून येणारे, खिशात खडू बाळगणारे गृहस्थ. कंपनीने त्यांना नेमलं ते रजिस्टरापुरतं इंग्रजी शिकवायला, आणि रजिस्टराचं सगळं घोडं वेळेपाशीच अडत होतं. आपल्याकडे सोपं आहे, पाच वाजता म्हटलं काय, शनिवारी म्हटलं काय, शब्दाच्या शेपटीला काहीतरी लावलं की भागतं. इंग्रजीत प्रत्येक वेळेच्या पुढे एक छोटा शब्द चालतो आणि तो चुकला की सगळं हसं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी कँटीनच्या भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "तो खिळा पाहा, ती फळी पाहा आणि खालची ती पेटी. घड्याळातली वेळ बारीक असते, ती खिळ्याला टांगायची: ॲट फाइव्ह. दिवस फळीवर ठेवायचा: ऑन सॅटर्डे. महिना आणि वर्ष अवजड, ते पेटीत टाकायचं: इन मार्च." आणि वर एक नियम: वाक्य खरं असलं पाहिजे. आपल्या दिवसात जे घडलं तेच लिहायचं. "खोटं वाक्य लिहाल तर शब्द डोक्यात टिकणार नाही," मास्तर म्हणत.

मावशी सुरुवातीला फार चुकत. एकदा त्यांनी रजिस्टरात इन सॅटर्डे लिहिलं. साहेबांनी त्याला लाल गोल केला आणि ते पान दिवसभर सगळ्यांसमोर उघडं ठेवलं. टेम्पोवाल्याने येता-जाता विचारलं, "काय मावशी, शनिवारला पेटीत कोंडलंत का? रविवारी सोडाल ना बिचाऱ्याला?" सव्वीस वर्षांत कोणाची ब्र काढायची हिंमत झाली नव्हती, आणि एका दोन अक्षरी शब्दापायी ही नाचक्की. त्या दिवसापासून मावशींनी एक पद्धत धरली. पाच वाजता पोरीबाळींच्या घाईत, टेम्पोच्या हॉर्नमध्ये वाक्य सुचत नाही. म्हणून त्या चार-सव्वाचारलाच शांतपणे बसून, वही शेजारी ठेवून वाक्य जुळवत, ते रजिस्टरात सुवाच्य अक्षरात उतरवत आणि खाली सही ठोकत. मग पाचला फक्त चाक फिरवायचं राही. लाल गोल बंद झाले. टेम्पोवाल्याचं तोंडही बंद झालं.

त्या सोमवारी मात्र मावशींना सगळ्यांचीच तोंडं संशयास्पद वाटत होती. घड्यांच्या टेबलावरच्या दोघी सख्ख्या जावा, एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या, आज कुजबुजत होत्या. का? टेम्पोवाल्याने स्वच्छ, कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. सोमवारी? आणि मोठा प्रेस चालवणारी घुमी. चाळिशीची बाई, आठ वर्षं कामाला, पण दिवसाला दहा शब्द बोलली तर खूप. म्हणून तर तिचं नाव घुमी पडलं. आपला प्रेस करपलेला पाहून माणूस काही बोलेल की नाही? ती नुसती गादीकडे पाहत उभी राहिली, मग तिने मावशींकडे पाहिलं आणि बादली उचलून जागेवर ठेवली. मावशी मनात म्हणाल्या, चोराच्या मनात चांदणं.

पण नुसत्या चांदण्यावर नाव देता येत नाही. त्यांना मास्तरांचा नियम आठवला आणि त्यांनी संध्याकाळी वर्गाआधी मास्तरांना गाठलं.

"मास्तर, आज सगळ्यांना शनिवार-रविवारचीच वाक्यं द्या. कुठे होतो, किती वाजता, किती वेळ. सराव होईल."

मास्तर भोळे, हरखूनच गेले. "वा मावशी! असा विद्यार्थी पाहिजे."

वर्गात अर्धा तास पेन्सिली चालल्या. मास्तर वह्या घरी नेत नसत. सायकलवर गठ्ठा तोल खातो म्हणून वह्या कँटीनच्या कपाटात राहत आणि बुधवारी ते लवकर येऊन तपासत. कपाटाची किल्ली अर्थातच मावशींकडे. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा न उघडता कपाट उघडलं.

मोठ्या जावेने रविवारी अकरापर्यंत झोपल्याचं लिहिलं होतं. धाकटीने लिहिलं होतं की मोठी जाऊ अकरापर्यंत झोपते. टेम्पोवाला संपूर्ण दिवस मेहुण्याच्या लग्नात होता. त्याला कडक शर्ट तिथेच मिळाला असावा. मावशींना जरा वाईटच वाटलं. मग घुमीची वही उघडली आणि त्यांचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं.

आय केम टु द लाँड्री ॲट नाइन ओ'क्लॉक ऑन संडे. आय स्टेड हिअर अनटिल टेन.

रविवारी नऊ वाजता लाँड्रीत आले. दहापर्यंत इथेच थांबले. पेन्सिलीची ठसठशीत, जराही न थरथरलेली अक्षरं. खाली तिसरी ओळ होती, पण ती खोडरबराने घासून पुसली होती, इतकी की कागद चुरगळला होता. बाकीचं पान कोरं.

मावशी ताडकन उठल्या. आनंदानेच, खोटं कशाला बोला. सापडली! कबूल तर करून बसली आणि मग घाबरून पुढचं पुसलं. पुसणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच. त्यांनी वही पदराखाली घेतली आणि दिवसभर घुमीकडे पाहायचं टाळलं. एकदा मात्र नजरानजर झाली. घुमी काहीतरी बोलायला तोंड उघडणार असं वाटलं, पण मावशी तेवढ्यात पाठ फिरवून टॉवेल मोजायला लागल्या. आता ती गयावया करणार, पाय धरणार, आणि आपलं मन विरघळणार, एवढं त्यांना स्वतःबद्दल माहीत होतं.

बुधवारी वर्गात मास्तरांनी विचारलं, "एक वही कमी दिसतेय." घुमी म्हणाली, "असू दे." गुरुवारी मावशी घरी धड जेवल्या नाहीत. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, "एका बाईची भाकरी जाणार आहे."

"तुझ्यामुळे?"

"तिच्या कर्मामुळे."

नवऱ्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "तू तिला विचारलंस का?"

"चोराला विचारून चोरी पकडतात का?" मावशी म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर त्यांनी ती वही ठेवली. घुमीला बोलावलं गेलं. ती हात पुसत आली आणि वही पाहून दारातच थबकली.

"रविवारी आला होतात?" साहेबांनी विचारलं.

"आले होते."

"कशाला?"

"वही इथे राहिली होती. सोमवारचा अभ्यास करायचा होता."

"वही घ्यायला एक तास लागतो?"

घुमीने मावशींकडे पाहिलं. रागाने नाही. वाट पाहावी तसं पाहिलं. मावशींनी खिडकीबाहेर नजर लावली.

"प्रेस तुम्ही लावलात?"

"नाही."

"मग कोणी?"

साहेबांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा आवाज चढवून विचारलं. ती उभी राहिली ती राहिलीच. शेवटी साहेबांनी सांगितलं की उद्यापासून यायचं नाही. तिने अंगातला निळा एप्रन काढला, चार घड्या घातल्या, टेबलाच्या कडेला ठेवला आणि गेली. एप्रनची घडी अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवलेली होती. मावशींना ती घडी उगाचच दिवसभर आठवत राहिली.

शनिवार उजाडला. बंद प्रेसवर कोणीतरी डब्यांच्या पिशव्या ठेवल्या होत्या. जावा पुन्हा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या आणि मावशींशीही कोणी कामाशिवाय बोलत नव्हतं. धाकटी जाऊ मात्र घड्या घालता घालता हवेला म्हणाली, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून." मावशींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सव्वाचारला त्या नेहमीच्या स्टुलावर बसल्या, रजिस्टर ओढलं आणि लिहायला लागल्या.

द स्टीम व्हॉल्व्ह वॉज क्लोज्ड ॲट फाइव्ह ओ'क्लॉक.

इथे पेन थांबलं. इतक्या महिन्यांनंतरही दिवसापाशी पेन थांबतंच. एकदा खाल्लेला लाल गोल माणूस विसरत नाही. मावशींनी मान न वळवता, सवयीने, प्रेसच्या दिशेने विचारलं, "काय गं, दिवसाआधी ऑनच ना?"

उत्तर आलं नाही. प्रेसजवळ फक्त डब्यांच्या पिशव्या होत्या.

मावशी तशाच बसून राहिल्या. मागच्या शनिवारी उत्तर आलं होतं. "ऑन. फळी," असं घुमी म्हणाली होती आणि हसली होती. ती हसली होती म्हणून लक्षात राहिलं. ती साडेचारला निघते, शनिवारी प्रेस लवकर थांबतो. पुढच्या छोट्या इस्त्र्यांना मात्र पाचपर्यंत वाफ लागते, म्हणून व्हॉल्व्ह मावशींनीच बंद करायचा असतो. ती हसली, आपण ऑन सॅटर्डे लिहिलं, सही केली. मग हॉस्पिटलचा फोन आला. ऑपरेशनचे डगले कमी पडलेत, आत्ताच्या आत्ता हवेत. आपण गाठोडं बांधलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आपण स्वतः गाडीत बसलो, कारण डगले मोजून द्यायचे होते, त्याच्यावर भरवसा नव्हता. हॉस्पिटलच्या दारातून परस्पर घरी गेलो. जाताना मनात एकदा आलं होतं, व्हॉल्व्ह? आणि लगेच डोळ्यांपुढे ते सुंदर वाक्य आलं होतं. ॲट फाइव्ह ओ'क्लॉक. खाली सही. बंद केलाय की, लिहिलंय ना आपण!

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. पेन धरल्याचं हाताला पक्कं आठवत होतं. चाक धरल्याचं काही केल्या आठवेना.

पण मग सोमवारी व्हॉल्व्ह बंद कसा होता?

मावशी उठल्या. साहेबांच्या खोलीत कोणी नव्हतं, ते फाटकाशी कोणाशी तरी बोलत होते. घुमीची वही अजून त्यांच्या टेबलावरच होती. मावशींनी ती उघडली, पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. खोडरबराने रंग जातो, पेन्सिलीचा दाब जात नाही. घासलेल्या कागदात अक्षरांचे खड्डे दिसत होते. मावशींनी एकेक अक्षर लावत वाचलं.

आय क्लोज्ड द व्हॉल्व्ह ॲट टेन पास्ट नाइन.

नऊ वाजून दहा मिनिटांनी व्हॉल्व्ह मी बंद केला. आणि मग घुमी दहापर्यंत बादलीने पाणी आणून धुमसती गादी विझवत बसली. सोमवारी ज्या बंद चाकाला मावशी आपला साक्षीदार समजल्या, ते चाक घुमीच्या हाताने बंद झालं होतं. वह्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते तिला माहीत होतं. मावशींनी वाचावं म्हणून तिने खरं लिहिलं, आणि दुसऱ्या कोणी वाचलं तर मावशींना बुडवणारं तेवढं पुसलं. मावशी साहेबांच्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची लाज वाटली. थोडीथोडकी नाही, तोंड लपवावंसं वाटेल एवढी.

साधी गोष्ट होती, वही मिटून परत ठेवता आली असती. रजिस्टर निर्दोष होतं, नाव दिलेलं होतं, शुक्रवार उलटून गेला होता. मावशींनी एक मिनिटभर तसा विचार केलाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मग त्या रजिस्टराकडे गेल्या, आजचं अर्धं वाक्य खोडलं, मागचं पान उलटलं आणि गेल्या शनिवारच्या वाक्याखाली लिहिलं: द व्हॉल्व्ह वॉज नॉट क्लोज्ड ऑन सॅटर्डे. शी क्लोज्ड इट ॲट टेन पास्ट नाइन ऑन संडे. वही शेजारी नव्हती आणि कोणाला विचारलंही नाही. खाली सही केली. मग भिंतीपाशी उभ्या राहून पाच वाजायची वाट पाहिली, दोन्ही हातांनी चाक फिरवलं, आणि रजिस्टर घेऊन फाटकाकडे गेल्या.

साहेबांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. "हे तुम्ही काय लिहिलंय कळतंय का तुम्हाला? आज कोणी विचारलंही नव्हतं."

"तेच तर चुकलं साहेब. कोणी विचारलंच नाही."

साहेबांनी किल्ल्या मागितल्या. मावशींनी कपाटाची, दाराची, साबणाच्या खोलीची, सगळा जुडगा काढून दिला. सव्वीस वर्षं कमरेला असलेलं ओझं गेलं तर चालताना तोल जात होता. साहेब एवढंच म्हणाले की तिला सोमवारी यायला सांगा, तुमचं हेड ऑफिस ठरवेल.

घुमी दोन गल्ल्या सोडून राहायची. मावशी तिच्या दारात पहिल्यांदाच गेल्या. घुमी दोरीवरचे कपडे काढत होती. मावशींना पाहून तिने हातातला परकर घडी करून खांद्यावर टाकला आणि "बसा" म्हणाली. मावशी बसल्या नाहीत. साहेबांना काय सांगितलं ते त्यांनी उभ्यानेच, धापा टाकत सांगितलं. सांगताना रडू आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"तू का नाही बोललीस गं? साहेबांनी तीनदा विचारलं तुला. एका शब्दात सुटली असतीस!"

घुमीने दोरीवरचा एक चिमटा काढला, हातात फिरवत राहिली.

"तुम्ही वाक्य लिहिलंत तेव्हा घड्याळात सव्वाचार झाले होते," ती म्हणाली. "दिवसाआधी ऑन, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्हाला आठवेल. शुक्रवारपर्यंत मी वाट पाहिली."